समुद्रापासून दूर सापडणारे शार्कचे दात: शोध, नोंद, सफाई आणि ओळख

शार्कच्या अंगात हाड नसतं. सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीसारख्या लवचिक पदार्थाचा असतो आणि कूर्चा लवकर कुजते, म्हणून अख्खा शार्क जीवाश्म होऊन सापडणं फार विरळ. दातांचं तसं नाही. ते कॅल्शियम फॉस्फेटचे असतात आणि त्यांच्यावर फ्लोरिनयुक्त कठीण आवरण असतं. शिवाय ते शार्क जिवंत असतानाच गळत राहतात. पुढचा दात पडला की मागच्या रांगेतला त्याची जागा घेतो, आणि एकेक शार्क आयुष्यात हजारो दात समुद्रतळावर टाकतो. तो तळ कोट्यवधी वर्षांनी उचलला जाऊन वाळवंट, शेत किंवा डोंगर झाला, तरी दात खडकात राहतात. अमेरिकेच्या मध्यभागी कॅन्ससच्या चॉकमध्ये (मऊ पांढऱ्या चुनखडकात), मोरोक्कोत खुरिब्गाच्या फॉस्फेट खाणींत, जैसलमेरच्या वाळवंटात, तामिळनाडूत अरियालूरच्या आसपास, ओडिशात बारिपदाजवळ, एवढंच काय, हिमालयाच्या पायथ्याशी सुबाथूच्या थरांतही शार्क आणि त्यांच्या भाऊबंदांचे दात मिळाले आहेत.

हे दात ओळखायला माणसाला बराच काळ लागला. माल्टाच्या खडकांतून निघणाऱ्या अशा दातांना युरोपात शतकानुशतकं दगड झालेल्या जिभा समजत. १६६६ साली इटलीत लिव्होर्नोजवळ पकडलेल्या मोठ्या शार्कचं डोकं फ्लॉरेन्सला आणलं गेलं. निकोलस स्टेनो या शरीररचनातज्ज्ञाने ते तपासलं आणि त्या 'जिभा' म्हणजे शार्कचेच दात आहेत, हे पुढच्या वर्षी सविस्तर लिहून मांडलं. समुद्री प्राण्याचा दात डोंगरात कसा पोचला, या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता तो खडकांचे थर कसे साचतात या विचारापर्यंत गेला. आजही या छंदातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे: दात ज्या थरातून आला तो थर. थर माहीत असला की दात बोलतो, नसला की तो नुसती शोभेची वस्तू उरतो. पुढचं सगळं मार्गदर्शन हे धरूनच आहे.

कुठल्या खडकात शोधायचं

पहिलं काम घरी बसून करायचं. भागाचा भूवैज्ञानिक नकाशा मिळवा, शक्यतो १:५०,००० प्रमाणातला, आणि त्यावर सागरी अवसादी, म्हणजे समुद्रात गाळ साचून झालेल्या खडकांचे पट्टे शोधा. नकाशाच्या सूचीत चुनखडक, चॉक, मार्ल (चिकणमाती मिसळलेला चुनखडक), शेल (चिकणमातीचा पापुद्र्यांचा खडक), ग्लॉकोनाइट या हिरव्या सागरी खनिजाने युक्त वालुकाश्म, फॉस्फेट अशी नावं दिसली, आणि जोडीला ऑयस्टर, सागरी साळू (काट्यांचा गोल समुद्री प्राणी), अॅमोनाइट (गुंडाळीच्या शंखाचा नामशेष प्राणी) किंवा फोरॅमिनिफेरा (कवच असलेले सूक्ष्म एकपेशीय जीव) यांचा उल्लेख असला, तर तो पट्टा कामाचा. ग्रॅनाइट आणि बेसॉल्टमध्ये दात मिळणार नाहीत. वितळलेल्या द्रवातून बनलेल्या खडकात समुद्रतळ कुठून येणार? पण लाव्हाच्या प्रदेशावर सरसकट काट मारू नका. लाव्हाखाली जुने सागरी थर दबलेले असू शकतात. नर्मदेच्या खोऱ्यात बाघचे क्रिटेशस थर असेच दख्खनच्या लाव्हाखालून उघडे पडतात.

वयाचा अंदाजही आधीच घ्या, कारण कोणते दात अपेक्षित आहेत ते त्यावरून ठरतं. क्रिटेशस म्हणजे साधारण १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा काळ, पॅलिओसीन आणि इओसीन मिळून ६.६ ते ३.४ कोटी, मायोसीन २.३ कोटी ते ५३ लाख. क्रिटेशसच्या आधीच्या ज्युरासिक सागरी थरांतही दात मिळतात. जैसलमेरच्या ज्युरासिक थरातून वर्णन केलेली स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस ही प्रजाती २०२१ मध्ये जाहीर झाली. पण त्या काळातले बरेच दात चपटे, कवच फोडायला बनलेले असतात. टोकदार त्रिकोणाच्या शोधात असलेल्या माणसाच्या नजरेतून ते सहज निसटतात.

सागरी खडक सापडला म्हणजे दात सापडले असं होत नाही. जिथे गाळ झपाट्याने साचला, तिथे दात शेकडो घनमीटर खडकात विखुरलेले असतात आणि दिवसभर फिरून एखादाच मिळतो. दाट मिळतात ते जिथे गाळ फार सावकाश साचला किंवा प्रवाहांनी बारीक चिखल वाहून नेला आणि जड वस्तू मागे ठेवल्या तिथे. दातातल्या अपटाइट या फॉस्फेट खनिजाची घनता पाण्याच्या सुमारे ३.२ पट, तर वाळूतल्या क्वार्ट्झची २.६५ पट. हा फरक प्रवाहाला पुरतो. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळच्या शार्कटूथ हिलचा मायोसीन थर याचं ठसठशीत उदाहरण आहे. थराची जाडी जेमतेम अर्ध्या मीटरपर्यंत, पण तो साचायला ७ लाख वर्षांपर्यंत काळ गेला असावा असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणून त्यात दात आणि हाडं खच्चून भरली आहेत.

असा थर कड्यात ओळखायच्या खुणा: हिरवट ग्लॉकोनाइटचे दाणे, काळे-तपकिरी गुळगुळीत फॉस्फेटचे गोळे, मोडक्या शंखशिंपल्यांची गर्दी, गोल झालेले खडे, आणि खालच्या थराच्या माथ्यावर झीज झाल्याची वाकडीतिकडी सीमा. यांतल्या दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या की तिथेच थांबा आणि बोटभर जाडीच्या पट्ट्याकडेही दुर्लक्ष करू नका.

परवानगी

जमीन कोणाची आहे ते आधी शोधा आणि मालकाची लेखी परवानगी घ्या. चालू खाणीत व्यवस्थापनाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. सरकारी जमीन, संरक्षित क्षेत्र आणि घोषित जीवाश्म स्थळांचे नियम देशोदेशी वेगळे असतात. अमेरिकेत केंद्र सरकारच्या जमिनीवरचे पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म परवान्याशिवाय उचलता येत नाहीत, आणि शार्क पृष्ठवंशीच आहे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. फोटो काढणं, मोजमाप घेणं आणि जागेवरच ठेवून येणं मात्र बहुतेक ठिकाणी चालतं. अभ्यासाला तेवढंही पुष्कळ असतं.

सोबत काय घ्यायचं

१० पट मोठं दाखवणारं भिंग, लहान थापी, दाभण, दोन-तीन मऊ कुंचले, गुडघ्यांना गाद्या, झाकणाच्या छोट्या डब्या, पातळ टिश्यू कागद, अॅल्युमिनियम फॉइल, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, पेन्सिल, वही, सेंटिमीटरची पट्टी आणि जीपीएस असलेला फोन. नोंदी पेन्सिलीनेच करा. शाई ओलाव्याने फुटते, पेन्सिलीचं लिखाण टिकतं. हातोडा लागलाच तर सोबत डोळे वाचवणारा संरक्षक चष्मा हवाच. दात काढायला हातोडा क्वचितच उपयोगी पडतो. बहुतेक वेळा त्याने दातच तुटतो.

जमिनीवरचा शोध

उत्तम वेळ म्हणजे मोठ्या पावसानंतर जमीन वाळत असताना. पाऊस वरची माती धुतो आणि दात खड्यांमध्ये उघडे पडतात. उन्हं तिरपी असताना, सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर, सूर्याकडे तोंड करून चाला. इनॅमलची, म्हणजे दातावरच्या कठीण आवरणाची चमक लगेच डोळ्यांत भरते. भर दुपारी सगळेच खडे सारखे दिसतात.

उभ्याने चालून मोठे दातच दिसतात. पहिले दोन-चार सापडले की तिथे गुडघे टेका आणि साधारण १ मीटर × १ मीटर जागा संपूर्ण तपासा. एकदा नजर बसली की २-३ मिलिमीटरचे दातही दिसू लागतात. मुंग्यांच्या वारुळांकडेही बघा. काही मुंग्या बिळाभोवती बारीक खडे रचतात आणि त्यांत त्याच मापाचे छोटे दात असतात. वारूळ न मोडता वरचेच दाणे भिंगाने पाहायचे.

उतारावर सुटा दात मिळाला की तो कुठल्या थरातून खाली आला हे शोधायचं. सापडलेल्या प्रत्येक दाताच्या जागी झेंडी किंवा काडी रोवा आणि उतार चढत जा. वर जाताना दात दाट होत जातात आणि एका पातळीच्या वर अचानक थांबतात. ती पातळीच थर. तिथे वरची सैल माती १०-१५ सेंटिमीटर खरवडून ताजा पृष्ठभाग उघडा करा. उतारावरची गळलेली माती म्हणजेच मूळ थर समजून खोदत राहणं, ही नवशिक्यांची नेहमीची चूक. त्या मातीत वरच्या सगळ्या थरांचे दात एकत्र झालेले असतात.

कड्याच्या पोटात खोदू नका. खालून पोकळ झालेली दरड कधी कोसळेल सांगता येत नाही, आणि मऊ मातीची दरडही माणसाला गाडायला पुरते.

ओढ्यातली खडी

सागरी थर कापत जाणारा ओढा हजारो वर्षं तुमच्या आधी दात गोळा करत असतो. तो ते कुठे ठेवतो ते पाहायचं. वळणाच्या आतल्या बाजूला खडीचे ढीग, मोठ्या गोट्यांच्या मागचा सावलीचा भाग, झाडाच्या मुळांनी अडवलेली खडी आणि प्रवाह अचानक मंदावतो ती जागा. सगळ्यात चांगली जागा म्हणजे खडीचा तळ, जिथे ती कडक चिकणमातीवर टेकते. जड दाणे वाळूतून खाली सरकत तिथेच अडकतात. म्हणून वरची खडी इकडेतिकडे उपसत बसण्यापेक्षा एकाच जागी तळापर्यंत जा आणि तळातली शेवटची ५-१० सेंटिमीटर खडी चाळा.

चाळणीसाठी साधारण ४० × ६० सेंटिमीटरची लाकडी चौकट आणि ६ मिलिमीटर छिद्रांची जाळी पुरे. तिच्याखाली २ मिलिमीटरची दुसरी चाळणी धरली तर लहान दात सुटत नाहीत. एका वेळी फावड्याचा एकच घास टाका. चाळणी पाण्यात अर्धी बुडवून गोल हलवा, मग बाहेर काढून तिरपी धरा. दात ओले असताना चमकतात, वाळले की मळकट होतात, म्हणून चाळणी ओली असतानाच तपासायची. उरलेली खडी त्याच खड्ड्यात परत टाका. किनारा पोखरू नका. पुढच्या पुरात तो ढासळतो आणि जमीनमालकाचं नुकसान होतं.

वरच्या भागात पाऊस पडत असेल तर कोरड्या ओढ्यातही उतरू नका. आभाळ इथे स्वच्छ असलं तरी पाणी वरून येतं.

ओढ्यातल्या दाताला एक मर्यादा आहे. तो कुठल्या थरातला हे नक्की सांगता येत नाही, कारण ओढा वाटेत अनेक थर कापतो. नोंदीत 'ओढ्यातील खडी' असंच स्पष्ट लिहा.

उचलण्याआधी नोंद

दात दिसला की हात मागे घ्या. आधी पट्टी शेजारी ठेवून जवळचा फोटो, मग चार-पाच पावलं मागे जाऊन कड्याचा किंवा परिसराचा फोटो, ज्यात जागा पुन्हा ओळखता येईल अशी काही खूण असेल. मग जीपीएसचे अंक, खडकाचं वर्णन (रंग, दाण्याचा आकार, इतर जीवाश्म), आणि एखाद्या ठळक थरापासून उभं अंतर. 'पांढऱ्या चुनखडीच्या पट्ट्याच्या खाली १.२ मीटर' ही नोंद नुसत्या अक्षांश-रेखांशापेक्षा कितीतरी उपयोगी आहे, कारण उपग्रहाच्या अंकांमध्ये काही मीटरची चूक असते आणि तेवढ्या उंचीत लाखो वर्षं मावतात. तारीख आणि क्रमांक द्या. तोच क्रमांक डबीवर आणि डबीच्या आतल्या चिठ्ठीवरही हवा. झाकण बदललं की बाहेरचा क्रमांक हरवतो.

दात काढताना

सुटा दात बोटांनी उचला. थरात अर्धा रुतलेला दात टोकाला धरून ओढू नका. मुकुट (दाताचा वरचा चमकदार भाग) आणि मूळ जिथे जुळतात तो भाग कच्चा असतो; ओढलं की मुकुट हातात येतो आणि मूळ मातीत राहतं. मुळाशिवाय दाताची ओळख निम्मी गेली.

दाताभोवती किमान ३ सेंटिमीटर अंतर सोडून दाभणाने आणि थापीने चर काढा. मग खालून कापत जा, म्हणजे दात मातीच्या छोट्या ठोकळ्यावर उभा राहील. भेगा दिसत असतील तर ओलसर टिश्यू कागदाचे दोन-तीन थर त्यावर दाबून बसवा, वर फॉइल गुंडाळा आणि ठोकळ्यासकट उचला. बाकीची माती घरी, टेबलावर, उजेडात काढायची.

ओल्या चिकणमातीतून काढलेला दात उन्हात ठेवू नका. बाहेरचं आवरण आणि आतलं डेंटिन वेगवेगळ्या वेगाने वाळतं, आतला भाग आकसतो आणि इनॅमलवर उभ्या भेगा पडतात, कधी पापुद्रे सुटतात. थोडी ओली माती सोबत ठेवून डबी बंद करा आणि घरी नेल्यावर झाकण किंचित उघडं ठेवून सावलीत आठ-दहा दिवस सावकाश वाळू द्या.

माती धुऊन सूक्ष्म दात काढणं

एखाद्या जागेचा खरा अभ्यास करायचा असेल तर हे काम टाळू नका. मोठे दात सगळेच वेचतात. पण लहान शार्क, पाकट मासे आणि तळाशी राहणाऱ्या जाती यांचे दात अनेकदा २ मिलिमीटरपेक्षाही लहान असतात आणि त्या समुद्राची खरी वस्ती त्यांच्यातूनच कळते. फक्त मोठे दात पाहून 'इथे सगळे मोठे शिकारी शार्क होते' असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरतं.

एका थरातून १० ते २० किलो माती घ्या. पिशवीत फक्त त्याच थराची माती हवी. घरी ती सुपारीएवढ्या तुकड्यांत फोडा आणि पूर्ण वाळवा. पूर्ण म्हणजे आतपर्यंत. ओलसर चिकणमाती पाण्यात टाकली तर ती आठवडाभर गोळाच राहते. कोरडी टाकली तर पाणी छिद्रांत झपाट्याने शिरतं, आतली हवा दाबली जाते आणि ढेकूळ आपोआप फुटतं. बादलीत माती तिसरा हिस्सा आणि वर पाणी भरून २४ तास ठेवा. फुटत नसेल तर ढवळत बसू नका; पाणी काढा, पुन्हा वाळवा, पुन्हा भिजवा. दोन-तीन फेऱ्यांत बहुतेक माती सुटते.

मग वर २ मिलिमीटर, खाली ०.५ मिलिमीटर अशा चाळण्या एकावर एक ठेवून थोडा थोडा चिखल ओता. चाळणी पाण्यात हलकेच बुडवून वरखाली करा. हाताने चोळू नका, नळाची धार थेट सोडू नका. मुळांचे कोपरे आणि बाजूची सुईसारखी टोकं लगेच मोडतात. जाळीतला गाळ कागदावर सावलीत वाळवा. दुसऱ्या थराची माती घेण्याआधी चाळणी उन्हात पूर्ण वाळवून, झटकून, भिंगाखाली तपासा. जाळीच्या तारेत अडकलेला एक दात पुढच्या नमुन्यात गेला तर दोन्ही नोंदी बिघडतात.

वेचण्यासाठी दात गडद असतील तर पांढरं ताट, फिके असतील तर काळं. गाळ एका दाण्याच्या जाडीचाच पसरा आणि ओल्या बारीक कुंचल्याच्या टोकाने दात उचला. चिमट्याने पकडलेला छोटा दात टणकन उडतो आणि सापडत नाही.

सफाई

बहुतेक दातांना कोमट पाणी आणि मऊ टूथब्रश एवढंच लागतं. मुळाच्या खाचेतली माती दाभणाने नव्हे तर टोक केलेल्या लाकडी काडीने काढा. रखरखीत प्रदेशातल्या मातीत मीठ आणि जिप्सम असतं. असे दात स्वच्छ पाण्यात ठेवून पाणी रोज बदला. नाही तर वाळल्यावर पृष्ठभागावर स्फटिक वाढतात आणि इनॅमल उचकटतं.

चुनखडक चिकटला असेल तर आम्लाचा मोह होतो. इथे फार जपून. हायड्रोक्लोरिक आम्ल कधीच नको. ते चुन्यासोबत फॉस्फेटही विरघळवतं. अॅसेटिक आम्लाचं ५ टक्क्यांपर्यंतचं द्रावण वापरता येतं, पण ताजं द्रावण मुळाच्या सच्छिद्र डेंटिनला खातं. म्हणून त्यात आधी कॅल्शियम फॉस्फेटची पूड घालतात, म्हणजे द्रावण आधीच तृप्त होतं आणि दाताला कमी त्रास देतं. आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नको. खोलीत हवा खेळती हवी. पहिल्यांदा मोडका, बिनमोलाचा दात टाकून पाहा, दर काही तासांनी बाहेर काढून भिंगाने मुळाचा पृष्ठभाग तपासा, आणि जितका वेळ आम्लात ठेवला त्याच्या किमान तिप्पट वेळ वाहत्या पाण्यात ठेवा. आम्ल आत राहिलं तर महिन्याभराने दात भुकटी होऊ लागतो. चांगला दात धोक्यात घालण्यापेक्षा थोडा चुनखडक चिकटलेला राहू दिलेला केव्हाही बरा.

रंग खुलवायला तेल, वार्निश किंवा मेण लावू नका. त्याने पृष्ठभागाची बारीक रेषाकृती झाकली जाते आणि पुढे काढता येत नाही.

भेगाळलेला दात मजबूत करणं

संग्रहालयांत वापरलं जाणारं पॅरालॉइड बी-७२ हे राळेसारखं रसायन घ्या. ५ ग्रॅम दाणे ९५ ग्रॅम अॅसिटोनमध्ये बंद काचेच्या बरणीत रात्रभर विरघळवा. दात पूर्ण कोरडा असताना कुंचल्याने मुळावर थेंब थेंब सोडा, ते आत शोषलं जाईल. पूर्ण सुकल्यावर हवा तर दुसरा हात द्या. दात ओला असेल किंवा हवा दमट असेल तर पांढरी साय धरते. ती दिसली की अॅसिटोनने पुसून दात पुन्हा वाळवा. तुकडे जोडायला हेच रसायन ४० ते ५० टक्के दाट करून वापरतात. झटपट चिकटणारा गोंद टाळा. त्याचा सांधा पुढे पिवळा पडतो, कडक होतो आणि चुकीचा बसला तर सुधारता येत नाही. पॅरालॉइडचा सांधा अॅसिटोनने कधीही सोडवता येतो. अॅसिटोन पेटतं, त्यामुळे जवळ ज्योत किंवा शेगडी नको.

ओळख पटवताना

आधी तो दातच आहे का ते ठरवा. शार्कच्या दाताचे दोन भाग भिंगाखाली स्पष्ट वेगळे दिसतात: वर गुळगुळीत, चमकदार मुकुट आणि खाली खडबडीत, बारीक छिद्रांचं मूळ. मगरीचा किंवा इतर सरपटणाऱ्या प्राण्याचा दात शंकूसारखा असतो आणि तळाला पोकळ दिसतो. खेकड्याच्या नांगीचं टोक पातळ आणि पोकळ असतं. शिंपल्याचा तुकडा थर थर दिसतो. रंगावरून वय ठरवू नका. काळा दात जुना आणि पांढरा नवा असं नसतं. रंग गाळातल्या खनिजांवर अवलंबून असतो, आणि एकाच थरात राखाडी, तपकिरी, निळसर असे सगळे मिळू शकतात.

दिशा समजून घ्या. तोंडाच्या आतली, म्हणजे जिभेकडची बाजू फुगीर असते आणि मुळाचा उंचवटा तिथेच असतो. बाहेरची, ओठाकडची बाजू चपटी. टोक ज्या बाजूला झुकलेलं असतं ती बहुधा जबड्याच्या कोपऱ्याकडची. बऱ्याच जातींत वरच्या जबड्यातले दात रुंद, कापायला, तर खालचे अरुंद, पकडायला असतात. त्यामुळे एकाच शार्कचे दोन दात दोन जातींचे वाटू शकतात.

आता तपशील. कडा करवती आहेत की सपाट? करवतीचे दाते एकसारखे आहेत की खाली मोठे आणि टोकाकडे बारीक? मुकुटाच्या दोन्ही बाजूंना छोटी जादा टोकं आहेत का? मुळाच्या मधोमध पोषक खाच (रक्तवाहिन्यांची चीर) आहे का? मुकुट आणि मूळ यांच्यामध्ये गडद पट्टी आहे का? लांबी, रुंदी आणि मुकुटाची उंची व्हर्नियर कॅलिपरने ०.१ मिलिमीटरपर्यंत मोजा. या सगळ्याची नोंद झाली की मगच नावाकडे जायचं.

क्रिटेशस थरात अरुंद, सपाट कडांचे दात क्रेटॉक्सिर्हिना किंवा क्रेटालॅम्ना या गटांकडे निर्देश करतात. चौकोनी, वर समांतर कंगोरे असलेला दगडी बटणासारखा दात प्टायकोडसचा. तो कवचधारी प्राणी फोडून खायचा. पॅलिओसीन आणि सुरुवातीच्या इओसीनमध्ये सपाट कडांचा, जाड, बाजूला ठसठशीत उपटोकं असलेला मोठा दात म्हणजे ओटोडस ऑब्लिकस. याच वंशात पुढे कडा करवती होत गेल्या आणि बाजूची टोकं हळूहळू नाहीशी झाली, ती मायोसीन आणि त्यानंतरच्या प्लायोसीन काळातल्या मेगॅलोडॉन या महाकाय शार्कपर्यंत. मेगॅलोडॉनच्या दातात बारीक, एकसारखी करवत आणि मुकुट-मुळामधली रुंद पट्टी असते. ग्रेट व्हाइट शार्कच्या दातात ती पट्टी नसते आणि करवत खरबरीत, असमान असते. लांब, सडपातळ, बाजूने पाहिलं तर एस आकाराने वळलेला आणि बाजूला बारीक टोकं असलेला दात वाळूशार्कच्या गटातला. त्याच्या जिभेकडच्या बाजूवर बारीक उभ्या सुरकुत्या दिसल्या तर स्ट्रायटोलॅमिया.

मायोसीनमध्ये हेमिप्रिस्टिस सेरा हा ओळखायला सोपा आणि देखणा दात आहे. वरच्या जबड्यातला दात मागे झुकलेला त्रिकोण. भिंगाखाली करवतीचे दाते टोकाकडे जाताना मोठे होत जातात आणि टोकाच्या जरा आधी एकदम थांबतात. टोक स्वतः गुळगुळीत राहतं. खालच्या जबड्यातला दात मात्र अगदीच निराळा: अरुंद सुळा, बुडाशी दोन-तीन छोटे काटे. कार्चारिनस वंशाचे दात या काळापासून भरपूर मिळतात, पण एकट्या दातावरून त्यांची प्रजाती सांगण्याच्या भानगडीत पडू नका. वंशाचं नाव लिहून थांबणं हेच प्रामाणिक काम.

थराच्या नोंदीचं मोल इथे पुरेपूर कळतं. क्रिटेशसमधला स्क्वॅलिकोरॅक्स आणि नंतरचा वाघशार्क गॅलिओसेर्डो, दोघांचे दात बुटके, रुंद, करवती आणि मागच्या कडेला खोल खाच असलेले. फोटोवरून चांगले जाणकारही फसतात. पण स्क्वॅलिकोरॅक्स ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपला आणि वाघशार्क इओसीनपासून दिसू लागतो. चिठ्ठीवर थर लिहिलेला असेल तर प्रश्नच उरत नाही.

झिजलेले दात आणि दोन सावधगिरीच्या गोष्टी

धारा गोल झालेला, मुळाचे कोपरे घासलेला दात पाहिला की विचारा: हा याच थरात साचला, की जुन्या थरातून धुऊन इथे आला? फॉस्फेटचे दात इतके टिकाऊ असतात की जुना थर झिजतो, दात सुटतात आणि नव्या गाळात पुन्हा गाडले जातात. अशा एका दातावरून थराचं वय काढलं तर कोट्यवधी वर्षांची चूक होऊ शकते. एकाच ठिकाणी धारदार आणि झिजलेले दात मिळाले तर दोन्ही वेगळ्या डब्यांत ठेवा.

दुसरं, शार्कचा दात मिळाला म्हणजे तिथे समुद्र होताच असं नाही. हिबोडॉन्ट या नामशेष गटातले काही शार्क गोड्या पाण्यातही राहत. सोबत सागरी साळू, अॅमोनाइट, ऑयस्टर किंवा सागरी फोरॅमिनिफेरा मिळाले तरच समुद्र म्हणा. गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि मगरींचे अवशेष सोबत असतील तर नदी किंवा खाडीचा विचार करा.

विकत घेतलेल्या दातांबाबत: दगडात बसवलेले दात अनेकदा वाळू आणि गोंदात चिकटवलेले असतात, आणि एकाचं मूळ दुसऱ्याच्या मुकुटाला जोडलेलं असतं. मुकुट-मुळाच्या सांध्यावर बुडबुडे, एकसारखी रंगवलेली पट्टी किंवा अतिनील दिव्याखाली वेगळी चमकणारी रेघ दिसली की संशय घ्या. ठिकाण न सांगता विकला जाणारा दात अभ्यासाच्या कामाचा नाही.

साठवण आणि तज्ज्ञांकडे देताना

प्रत्येक दात वेगळ्या डबीत, तळाला आम्लविरहित कागद किंवा पॉलिथिलीन फोम. कापूस नको, करवतीच्या दात्यांत त्याचे धागे अडकतात. दाताच्या मुळावर पॅरालॉइडचा छोटा ठिपका लावून त्यावर काळ्या शाईने क्रमांक लिहा, म्हणजे डबी बदलली तरी ओळख टिकते. काळ्या शेलमधून आलेल्या दातांत पायराइट हे लोह आणि गंधकाचं खनिज असू शकतं. दमट हवेत ते ऑक्सिडाइझ होतं, पिवळट-पांढरी भुकटी येते आणि गंधकाचा वास सुटतो. असे दात सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा आणि बाकीच्या संग्रहापासून दूर. भुकटी दिसली तर धुऊ नका, पाण्याने ते वाढतं. कोरड्या कुंचल्याने झटका आणि डब्यातलं जेल बदला.

एखादा दात वेगळा वाटला, किंवा एकाच थरातून बरेच प्रकार मिळाले, तर विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाशी किंवा नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाशी संपर्क करा. पाठवताना दाताचे चार फोटो काढा: जिभेकडची बाजू, ओठाकडची बाजू, कडेने आणि मुळाच्या तळाकडून, प्रत्येकात मिलिमीटरची पट्टी. सोबत थराचं वर्णन, जागेचे अंक, कड्याचा फोटो आणि त्याच थरातले इतर जीवाश्म. माती धुतल्यावर उरलेला गाळ फेकू नका. वेचून झाल्यावरही तो क्रमांकासह पिशवीत ठेवा, कारण तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली त्यातून तुमच्या नजरेतून सुटलेले दात काढू शकतात, आणि फोरॅमिनिफेरा मिळाले तर थराचं वयही त्यावरून ठरवता येतं.